हेराल्ड डावीकडे ओढते

अण्णा, परवा सकाळी तुझी हेराल्ड गाडी मी बाहेर काढली. तिरुवैयारुच्या रस्त्यावर, ती जिथे शेतात उतरली त्याच्या जरा अलीकडे, दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले. गाडी सरळ गेली. पट्टी धरून रेघ मारावी तशी सरळ. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. भेटायला येणारे सगळे एकच बोलतात. हार्ट अटॅक, दोन मिनिटांत आटोपलं, कुणाला त्रास नाही, भाग्यवान माणूस. मी मान डोलावतो. डॉक्टरही म्हणाले की गाडीने रस्ता सोडण्याआधीच तुझं हृदय थांबलं असावं, कारण ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर कुठेच नव्हती. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मला वेगळंच काहीतरी हवं होतं. तू दोन महिने सांगत होतास की गाडी डावीकडे ओढते. मी सांगत होतो की गाडी ठणठणीत आहे, बिघाड तुझ्या डाव्या हातात आहे. आपल्या दोघांत खरं कोण बोलत होतं, तेवढं मला कळायला हवं होतं. गाडी ओढत असेल, तर मी तुला भर घरात खोटं पाडलं. ओढत नसेल, तर तुझा हात खरंच जात होता, आत काहीतरी बिघडत होतं, आणि तुला डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी टोमणा मारला. दोन्हीकडून मीच सापडतो. तरी कुठल्या बाजूने सापडतो ते कळल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

हे सगळं तुला वाचता आलं नसतं म्हणा. तुला वाचायला तमिळ आणि इंग्रजी. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या घराण्याची मराठी फक्त घरात बोलायला. मी एकतीस वर्षं पुण्यात शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून मला ही अक्षरं आली. परत आलो तेव्हा माझं बोलणं ऐकून तू वहिनीला म्हणालास, "पाहा, आमची भाषा पुण्याला नेऊन इस्त्री करून आणली अहे ह्यानें." आणि वर मला, काडीसारख्या माणसाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी 'गुंडू', म्हणजे जाड्या, म्हणून हाक. सहासष्टाव्या वर्षी.

परत आलो ते एकटाच. सुमन गेल्यानंतर, बायकोविना, पुण्याच्या घरात राहवेना. तू स्टेशनवर घ्यायला आलास, सुमनबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस, मागच्या दोन खोल्या उघडून दिल्यास आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातात पाना ठेवलास. शेडमध्ये आपल्या आप्पांची हेराल्ड वीस वर्षं पडून होती. टपावर वाळलेल्या झावळ्या, आत उंदरांचा संसार. "तिकडून धर," एवढंच म्हणालास. त्यानंतरचे आठ महिने तू मला जेवढा मिळालास तेवढा लहानपणीही मिळाला नव्हतास. माझं दुःख तू स्क्रू-बोल्टांत घातलंस आणि ते हळूहळू सैल होत गेलं. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानायला गेलो असतो तर तू हातात आणखी एक पाना दिला असतास.

पुढचं सस्पेन्शन आपण अख्खं उतरवलं. रबरी बुश दगड झाले होते, बॉल जॉइंट खडखडत होते, डावीकडची स्प्रिंग तुटलेली. चेन्नईला पुदुपेटच्या भंगार बाजारात तू दोन दिवस हिंडलास, तेव्हा एक स्प्रिंग मिळाली. एकच. उजवीकडची जुनी होती ती घासून, काळा रंग देऊन परत बसवली. "जोडीनं बदलतात," मी म्हणालो. "जोडी मिळाली तर जोडीनं बदलतात," तू म्हणालास. त्यात काही भांडण नव्हतं. रंग दिल्यावर दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा दोघांच्याही हातात ती डावीकडे जात होती. मग आपलं शोधकार्य सुरू झालं. टायरमधली हवा पाहिली. डावं-उजवं चाक अदलाबदल केलं. ब्रेक कुठे अडकतोय का म्हणून मेडिकल कॉलेजपर्यंत जाऊन आलो आणि ड्रमला हात लावून पाहिला; दोन्हीकडे सारखंच गरम. उरलं अलाइनमेंट. पुढच्या दोन्ही चाकांची तोंडं किंचित आत वळलेली हवीत, आणि समोरून पाहिलं तर दोन्ही चाकं सारखीच कललेली दिसायला हवीत. एवढंच ते शास्त्र. पण एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तरी गाडी आपल्या मनाने चालू लागते.

तू नोकरीभर सर्वे खात्यात जमीन मोजायच्या साखळ्या ओढलेल्या, त्रिभुज प्रदेशातली निम्मी शेतं पायाखालून गेलेली. अलाइनमेंटच्या दुकानात न्यायचं मी सुचवलं तर तुला तो अपमान वाटला. "तिथल्या मशीनला करंट लागतें. मज दोरा पुरे." पत्र्याच्या डब्यातला तुझा तो मेणाचा दोरा आणि पितळी ओळंबा निघाला. पहाटे दारात कोलमची रांगोळी काढून झाल्यावर वहिनी तांदळाच्या पिठाने अंगणात एक लांब रेघ ओढायची, त्या रेघेवर तू गाडी उभी करायचास. तिच्या हातची रेघ तुझ्या दोऱ्याशी तंतोतंत जुळायची. त्याचा तुला किती अभिमान होता ते तू तिला कधी सांगितलंस की नाही, मला माहीत नाही.

आप्पांच्या वेळच्या गाडीच्या जुन्या पुस्तकात लिहिलं होतं की मापं घेताना पुढच्या दोन्ही सीटवर माणसं बसलेली हवीत, कारण माणूस बसला की स्प्रिंग दबते आणि चाकाचा कल बदलतो. म्हणून ड्रायव्हरच्या जागी मी, शेजारी वहिनी. मी अठ्ठावन्न किलो, ती पंचावन्न. ती मांडीवर सूप घेऊन शेवग्याचा पाला निवडत बसायची आणि मी स्टिअरिंग सरळ धरून बसायचो. तू बाहेर, गुडघ्यांवर, दोरा दातांत धरून. "हलूं नका! श्वास हळूं घ्या!" वहिनी हसायला लागली की सूप हलायचं आणि तू ओरडायचास. एकदा तुझे गुडघे दुखताना पाहून मी म्हणालो, "अण्णा, तू बस, मी दोरा धरतो." तू वर न बघताच म्हणालास, "तूं फिजिक्स शिकवलास. मोजलास कधीं?" पुन्हा मी विचारलं नाही. दोरा दुसऱ्याच्या हातात देणं तुझ्या स्वभावातच नव्हतं.

चार दिवस पातळ चकत्या काढून-घालून, रॉड फिरवून, दर वेळी तुझ्या वहीत आकडा टिपून मापं जुळली. मी गाडी फिरवून आणली, एकदम सरळ. तू फिरवून आणलीस आणि फाटकातच म्हणालास, "ओढते अहे."

पुन्हा मापं. पुन्हा मी आत, तू बाहेर. पुन्हा मापं बरोबर. शेवटी तुझ्या नाकदुऱ्या काढून मी तुला बायपासजवळच्या त्या कॉम्प्युटरवाल्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने सांगितलं, एकानं आत बसून ब्रेक दाबून धरा. मी बसलो. तू पडद्यासमोर, हात मागे बांधून, परीक्षकासारखा उभा. सगळे आकडे हिरवे झाले. "करेक्ट, सार," तो म्हणाला. तू चालवत घरी आलास आणि इंजिन बंद केल्यावर म्हणालास, "ओढते."

त्याच दिवशी दुपारच्या कॉफीला ते झालं. मला शब्द न् शब्द आठवतो. आठवू नये असं किती वाटतं, तरी आठवतो.

"यंत्र म्हणतं सरळ, दोरा म्हणतो सरळ, मी म्हणतो सरळ," मी म्हणालो. "एकटा तू म्हणतोस डावीकडे."

"मी चालवतों तेव्हां जाते, गुंडू. तुज कां जात नाही तें मज कळत नाही."

"मला कळतं. गाडी नाही ओढत अण्णा, तुझा डावा हात ओढतोय. लोंबतो तो स्टिअरिंगवर. बहात्तर झाली तुला. गाडी दुरुस्त करून हात थोडाच दुरुस्त होणार आहे?"

वहिनी दारात उभी होती. तू टंबलर खाली ठेवलंस, डावा हात समोर धरलास, उलटा करून पाहिलास, सुलटा करून पाहिलास. मग 'बरं' म्हणावं तसं म्हणालास, "सरि." बस्स. उठून गेलास.

मला वाटलं, मी जिंकलो. खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. आयुष्यभर तुझ्याशी वाद घालून तू एकदाही निरुत्तर झाला नव्हतास, नदी कुठल्या काठाने वळते इथपासून आंबटीत गूळ किती घालायचा इथपर्यंत. त्यानंतर महिनाभर तू गाडीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी मनात म्हटलं, रुसलाय, रुसू दे. मी माझ्या खोलीत पेपर वाचत बसायचो. तू मागच्या पायरीवर काय करायचास ते बघायला मी आलोसुद्धा नाही. एवढ्याशा घरात आपण एकमेकांना चुकवत राहिलो.

मंगळवारी सकाळी साडेनऊला तू एकटाच निघालास. फाटकाची कडी वाजली, गाडीचा आवाज गेला. कुठे चाललास म्हणून मी विचारलं नाही. अकराला फोन आला. शेतात लावणी करणाऱ्या बायकांनी सगळं पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, गाडी जोरात नव्हतीच. सावकाश, एखाद्याने आपल्याच घराच्या गल्लीत वळावं तशी डावीकडे वळली, बांधावरून उतरली आणि चिखलात थांबली. आधी त्यांना वाटलं, शेताचा मालकच आलाय. उजव्या हाताला कालवा काठोकाठ भरून वाहत होता, समोरून गावची बस येत होती. एक बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, देवानेच वळवली. मला मात्र तुझा आवाज ऐकू येत होता, फाटकातून, इंजिन बंद केल्यावरचा.

गाडीला काहीच झालं नव्हतं. ट्रॅक्टरने ओढून आणून शेडमध्ये उभी केली. परवापर्यंत पुढची चाकं डावीकडेच वळलेली, शेतात थांबली तशी. त्यांच्यावर चिखल वाळून पांढरा पडला. येणारे-जाणारे चपला शेडजवळ काढायचे आणि मी त्या चाकांकडे पाहायचं टाळत घरात शिरायचो. टायरवर तुझ्या खडूच्या खुणा अजून होत्या. सकाळी साडेनऊला मी कुठेही असलो तरी कान फाटकाच्या कडीकडे जातात. आणि खरं सांगतो अण्णा, दोनदा ती वाजली. दोनदा मी उठून बाहेर आलो आणि दोन्ही वेळा कडी घातलेलीच होती. वहिनी तीन टंबलर कॉफी गाळते. तिसऱ्याकडे आम्ही दोघंही बघत नाही, आणि ते थंड झालं की तीच ते झाडाला ओतून येते.

तेरावा झाला, पाहुणे गेले. मग परवा मी ती चाकं सरळ केली, चिखल धुतला, स्टिअरिंगचे रॉड कुठे वाकलेत का ते खाली पडून पाहिलं. वाकलेलं काही नव्हतं. गाडी बाहेर काढली. तुझ्या सीटमध्ये तुझा खळगा आहे, त्यात मी अर्धाच मावतो. त्यात बसून मी त्या रस्त्यावर हात सोडले आणि गाडी सरळ गेली. म्हणजे हातच होता. म्हणजे दोन महिने तुझं शरीर सांगत होतं आणि मी, विज्ञानाचा मास्तर, जिंकल्याच्या आनंदात पेपर वाचत होतो.

घरी येऊन, का ते सांगता येणार नाही, मी तुझा पत्र्याचा डबा उघडला. स्वतः एकदा मोजावंसं वाटलं. तू गेल्यापासून अंगणात कोलम नाही, म्हणून रेघ मलाच मारावी लागली, खडूने, आणि ती तीनदा वाकडी आली. गाडी उभी केली. गुडघ्यांवर बसलो, दोरा दातांत धरला. मेणाची चव लागली. आणि तुझ्या जागेवरून, आयुष्यात पहिल्यांदा, मी वर गाडीकडे पाहिलं. आतली सीट रिकामी होती.

माझ्या तोंडातून दोरा गळून पडला. पुस्तकात लिहिलं होतं, माणूस बसलेला हवा. मोजताना दर वेळी माणूस बसला होताच. मी बसलो होतो. त्या दुकानातही मीच बसलो होतो. तुझ्या वहीतलं एकूण एक माप माझ्या अठ्ठावन्न किलोंचं होतं. दोरा धरणारा तू, म्हणून तू एकदाही गाडीत नव्हतास. दोन महिने आपण दोघं मिळून ती गाडी माझ्या वजनाला सरळ करत होतो, आणि चालवत होतास तू.

मी स्वयंपाकघरात गेलो. "वैनी, अण्णाचं वजन किती होतं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला शरम वाटली. पण उत्तर तयार होतं. "ब्याण्णव. मागल्या वर्षीं कोविलांत देवासमोर त्यांची गूळतुला केली होती की नाही? ब्याण्णव किलो गूळ. तो वाटतां वाटतां माझे हात गेले." मग, "कां रे?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

ब्याण्णवातून अठ्ठावन्न गेले, चौतीस. तुझ्या तेराव्याचा तांदूळ पोत्यात उरला होता. लग्नात मिळतात त्या पिवळ्या कापडी पिशव्या कपाटात पन्नास तरी होत्या. त्यांत तांदूळ भरून काट्यावर मोजला. काल सकाळी त्या पिशव्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवल्या, काही पाठीशी, काही सीट आणि दार यांच्या फटीत, काही पायांमागे. मग मी स्वतः आत बसलो, उतरलो, पुन्हा बसलो, दार उघडून खाली वाकून पाहिलं. उजवीकडचं मडगार्ड चाकावर चांगलं दोन बोटं खाली आलं होतं. खात्री करायला त्याच पिशव्या डावीकडे नेऊन वहिनीच्या जागेवर रचल्या आणि मीही तिकडेच बसलो. ती बाजू जेमतेम अर्धं बोट बसली. रंग दिलेली जुनी स्प्रिंग, अण्णा. हलक्या माणसाला ती पेलायची. तू बसलास की खचायची, उजवं चाक वरून आत कलायचं आणि गाडी डावीकडे निघायची. आणि ती खचलेली पाहायला बाहेर कुणी नसायचं, कारण पाहणारा आत बसलेला.

पिशव्या परत उजवीकडे आणल्या आणि त्याच रस्त्याला गेलो. सकाळचीच वेळ होती. शेतात रोपं आता चांगली धरली आहेत. तू उतरलास तेवढा पट्टा विरळ आहे, लांबूनच ओळखू येतो. मी हात उचलले. एक, दोन, तीन. चारला गाडीने नाक डावीकडे केलं. झटका नाही, आवाज नाही. सावकाश, आपल्याच गल्लीत वळावं तशी. बांध जवळ यायला लागला आणि मला स्टिअरिंग धरवेना. पाठीला पिशव्या टेकलेल्या होत्या, जड आणि उन्हाने कोमट, आणि मागे तू बसला आहेस याबद्दल मला त्या क्षणी तिळमात्र शंका नव्हती. मी मोठ्याने म्हणालो, "हो अण्णा. ओढते." मग धरलं.

सांगायला लाज वाटते, पण परत येताना मी रडत होतो आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. तुझा हात जात नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर तू झिजत होतास आणि मी पाहिलं नाही, असं झालं नव्हतं. मी फक्त चुकलो होतो, आणि तू बरोबर होतास, नेहमीसारखा. एवढं मला झेपलं असतं. वहिनीला सांगायचं, तिची माफी मागायची, तुझ्या फोटोसमोर कान धरायचे.

वहिनी मागच्या पायरीवर बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "वैनी, गाडीच ओढत होती. उजवी स्प्रिंग गेलीय. अण्णा खरं सांगत होता. त्याच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं."

मला वाटलं ती म्हणेल, मीं सांगत होतें की. तिने पदराला हात पुसले. मग विचारलं, "नक्की?"

"नक्की. स्वतः मोजलं."

"त्या दिवशीं कॉफीला तूं बोललास," ती म्हणाली, "त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळीं इथें बसायचे. ओला टॉवेल पिळायचे, डाव्या हातानें. पन्नास वेळां. मग माझा हात धरायचे आणि दाबायचे. म्हणायचे, सांग, जोर अहे कां? मी म्हणायचें, अय्यो, सोडा, दुखतें. खरंच दुखायचें रे. तर म्हणायचे, तूं उगाच म्हणतेस. गुंडू शिकलेला अहे. तो उगाच बोलणार नाही."

मी पायरीवर बसलो.

"मंगळवारीं तिरुवैयारुला निघाले होते. तिथें एक वैद्य अहे, हाताला तेल लावून देतो म्हणून कुणीं सांगितलें. तुज सांगूं नको म्हणाले. हात बरा झाला कीं गुंडूला शेजारीं बसवून सरळ चालवून दाखवतों म्हणाले."

तिने तेवढंच सांगितलं आणि आत जाऊन भात लावला. माझ्यावर ओरडली नाही. नंतर ताटही वाढलं.

अण्णा, तू माझं कधीच काही ऐकलं नाहीस. पुण्याला जाऊ नको म्हणालास, मी गेलो, आणि पुढे तीस वर्षं तू म्हणत राहिलास की ते चुकलंच. जोडीनं स्प्रिंग बदलतात, हेही तू ऐकलं नाहीस. दोऱ्यावर तुझा विश्वास, वहिनीच्या रेघेवर विश्वास, स्वतःच्या ढुंगणाखाली गाडी कुठे जाते त्यावर तर पूर्ण विश्वास. आणि मी तोंडाला येईल ते एक वाक्य बोललो, दुपारी, कॉफी पिताना, केवळ जिंकायचं म्हणून. ते तेवढं तू मानलंस. तुझ्या हाताने तुला सांगितलं, बायकोने सांगितलं, तरी तू माझंच धरून बसलास. त्या रस्त्यावर तू माझ्या बोलण्यामुळे होतास. छातीत कळ आली असेल तेव्हाही कदाचित तुला वाटलं असेल की गुंडू म्हणाला तसंच होतंय, हातच गेला.

हे सगळं मी आज शेडमध्ये गाडीशेजारी बसून लिहितो आहे. लिहून झालं की मोठ्याने वाचणार आहे, कारण तुला ही अक्षरं येत नाहीत. शेजारचे म्हणतील मास्तराचं डोकं फिरलं. म्हणू देत. बाकीचं ऐकलं नाहीस तरी चालेल, एवढं मात्र ऐक. मी शिकलेला आहे म्हणून नाही, या वेळी गुडघ्यांवर बसून मोजलं आहे म्हणून सांगतो. तुझा हात चांगला होता, अण्णा. अगदी चांगला होता.